लोणची पाककलेत मोडत नाहीत

टॅलारूप,
मंगळवार, ६ मे

आदरणीय लोर्नाताई,

तुला, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आणि तुझ्या त्या चावऱ्या मांजराला हिल्डाचा मायेचा नमस्कार. वॉर्नांबूलच्या समुद्राचा वारा सांध्यांना मानवतोय का, ते खरं खरं कळव. (मागच्या पत्रात ‘बरं आहे’ एवढंच लिहिलं होतंस. आपल्या आईनेही शेवटपर्यंत ‘बरं आहे’ एवढंच सांगितलं होतं, म्हणून त्या दोन शब्दांवर माझा विश्वास नाही.) डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतेस की मांजराला चारतेस? इथे थंडी सुरू झाली. क्विन्सची फळं झाडावर पिवळी पडली आहेत, हिरव्या टोमॅटोची शेवटची पाटी ओट्यावर आहे आणि माझी तब्येत ठणठणीत आहे. इथे सगळं क्षेमकुशल आहे असं पुढे लिहायचं असतं. पण ताई, नाही. माझा विभाग ग्लेनिस फिट्झनरच्या घशात चालला आहे आणि मी ओट्याशी उभी राहून ते बघते आहे.

तू गाव सोडून चौदा वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते. आपल्या वार्षिक कृषी प्रदर्शनात जॅम-लोणची विभाग माझ्याकडे आहे, या ऑक्टोबरात बत्तीस वर्षं होतील. हॉलमध्ये खिडकीजवळचं वेगळं टेबल, वेगळा चादरीएवढा पांढरा टेबलक्लॉथ, वेगळा परीक्षक आणि कपाटाची वेगळी किल्ली. पाककला विभाग, म्हणजे केक, बिस्किटं, पाव, ग्लेनिसकडे. दोघींच्या टेबलांमध्ये चार फुटांची वाट आहे आणि ती वाट आहे म्हणूनच आम्ही दोघी अजून एकमेकींना नाताळची कार्डं पाठवतो. भांडण झालंच तर पावाला लावतात त्या लिंबाच्या लेमन बटरवरून. त्यात अंडी असतात म्हणून ते आपलं, असं ग्लेनिस म्हणते. ते बरणीत असतं म्हणून ते माझं, असं मी म्हणते. (बरणीत जे येईल ते माझं. उद्या कोणी बरणीत घोडा भरून आणला तर घोडाही माझ्याच टेबलावर येईल.) एकतीस वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं. मग आली वेबसाइट.

म्हणजे आपल्या प्रदर्शनाची वेबसाइट आधीपासून होती. पोस्टातल्या ग्वेनने निवृत्त होण्याआधी बनवून दिली होती. त्या वर्षी पहिला आलेला मेंढा अजून पहिल्या पानावर आहे. तो बिचारा जाऊनही नऊ वर्षं झाली असतील. प्रवेशाचा अर्ज कुठे सापडतो म्हणशील, तर ‘आमच्याशी संपर्क’ या पानाच्या तळाशी, ‘हवामान’ या शब्दावर दाबलं की. हे मला माहीत आहे, कारण मला ग्वेनने सांगितलं होतं. ज्यांना ग्वेनने सांगितलं नव्हतं अशा चाळीस जणांच्या वस्तू गेल्या वर्षी मुदत टळल्यावर आल्या आणि आपला अध्यक्ष क्लॅरी नोस्के दारात उभा राहून त्यांना परत पाठवत होता. एक बाई तर पाच मजली केक घेऊन पार्किंगमध्ये रडली. तेव्हा साइट बदलायला हवी, हे मलाही मान्य होतं. मी काही अगदीच आडमुठी नाही.

पण कौन्सिलने पाठवलं कोणाला? माहितीची मांडणी करून देणाऱ्या बाईला. ताई, असा धंदा असतो, हे मी शहात्तराव्या वर्षी ऐकलं. साइट बनवणारा वेगळा, रंग देणारा वेगळा, आणि कुठली गोष्ट कुठल्या मथळ्याखाली ठेवायची, कुठल्या दारातून शिरल्यावर काय सापडायला हवं, एवढंच ठरवणारी ही वेगळी. नाव टॅमसिन ओगिल्व्ही. वय पस्तीसच्या आसपास, बोलणं मऊ, बुटांना चिखलाचा एक ठिपका नाही. (मेंढ्यांच्या कुंपणातून चालत हॉलपर्यंत आली आणि ठिपका नाही! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.) आणि कौन्सिलने तिची राहायची सोय कुठे केली असेल? ग्लेनिसच्या मागच्या खोलीत. सकाळी ग्लेनिसच्या हातचा नाश्ता, चारला ग्लेनिसच्या हातचा स्पंज केक. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्याशी माणूस इमान राखतं, आणि इथे तर मिठावर साखर आणि साय होती.

पहिल्याच बैठकीत तिने प्रश्न विचारला, “तुम्हाला नेमकं काय ठाऊक नाही?” आपल्या मंडळाला एकशे बारा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. क्लॅरी म्हणाला, आम्हाला सगळं ठाऊक आहे, तुम्ही कामाला लागा. त्यावर तिने एक कागद काढला. त्यावर अकरा पद्धतींची नावं होती. जुन्या साइटवर काय काय पडलं आहे त्याची मोजदाद, लोकांच्या मुलाखती, कार्डं लावणं, कल्पित माणसं, नकाशा, पानांचा सांगाडा, झाडाची परीक्षा आणि अजून काय काय. म्हणाली, वेळ तीन पद्धतींपुरता आहे, तेव्हा तीन निवडा. आणि निवडताना पद्धत चांगली की वाईट ते बघू नका, तुम्हाला कशाचं उत्तर हवं आहे ते बघा. काय आहे तेच माहीत नसेल तर मोजदाद करा. लोक कशाला कशाबरोबर ठेवतात ते माहीत नसेल तर कार्डं लावा. ठेवलेलं सापडतं की नाही ते माहीत नसेल तर परीक्षा घ्या.

खरं सांगू का ताई, हे मला पटलं आणि पटलं म्हणूनच माझा संशय वाढला. जॅमचंही तसंच असतं ना? क्विन्सला बाहेरून काही घालावं लागत नाही, स्ट्रॉबेरीला लिंबू पिळावं लागतं, आणि जॅम झाला की नाही ते बघायला गार बशीवर थेंब टाकला की पुरे होतं, त्यासाठी कोणी प्रयोगशाळा उघडत नाही. जे फळ हातात आहे त्यावरून कृती ठरते. शहरातून आलेली बाई आपल्या मनातलं बोलायला लागली की समजावं, हिला कोणीतरी आधीच शिकवून ठेवलं आहे. आणि चारच्या चहाला तिच्यासमोर कोण बसतं, ते तुला सांगितलंच आहे.

मग निघाला प्रश्न, शेवटी आपल्या हातात काय पडणार. टॅमसिन म्हणाली, एक नकाशा, एका मोठ्या कागदावर, आणि पहिल्या पानाचा सांगाडा. बस. क्लॅरीचं तोंड उतरलं.

“अहो बाई, टार्नब्रूकच्या मंडळाला नव्वद पानांचा अहवाल मिळाला होता. सोनेरी अक्षरांचा.”

“वाचला का कोणी?”

“वाचायचाय कशाला? खिडकीत ठेवलाय, खिडकी उघडी राहते.”

“तुमच्या हॉलची कुठली खिडकी मिटते?” टॅमसिनने विचारलं. आमच्या खिडक्या मिटत नाहीत, कारण त्या मुळात उघडतच नाहीत. क्लॅरी माझ्या बाजूला सरकून कुजबुजला, “हिल्डे, नव्वद पानांच्या ठिकाणी एक पान देते म्हणजे बाकीची एकोणनव्वद कुठेतरी लपवते आहे.” त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे, असं मला वाटलं नाही.

आता जोडी नावाच्या एका बाईची गोष्ट सांगते, नाहीतर दुसरीकडून ऐकशील आणि मला हसशील. टॅमसिनने भिंतीवर एक कागद लावला. फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, जोडी, वय चौतीस, दोन मुलं, दोन वर्षांपूर्वी या भागात राहायला आली, आजीच्या पद्धतीचं लोणचं घालते, प्रदर्शनात ठेवावं असं फार मनात आहे पण कुठे विचारावं कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. मी तो फोटो नीट न्याहाळला. ही बाई मी गावात कधी पाहिली नव्हती. माझा पहिला विचार असा की ही कोण आपली चहाडी करणारी? दुसऱ्या दिवशी शाळेत फोन केला, चर्चमध्ये केला, धान्याच्या गोदामावर केला. जोडी नावाची एकच निघाली आणि ती तर म्हशीएवढ्या कुत्र्या पाळणारी त्रेसष्ट वर्षांची जोडी बार्टराम. मग मात्र मला वाईट वाटायला लागलं. दोन वर्षं झाली, पोरगी दोन मुलं घेऊन कुठेतरी एकटी राहते आणि आपल्यापैकी एकीनेही तिचं दार वाजवलं नाही! मी एक बरणी आलुबुखाराचा जॅम, एक बरणी लोणचं आणि मुलांसाठी लोकरी टोप्या अशी टोपली भरली आणि टॅमसिनला म्हटलं, पत्ता दे, मी जाऊन येते.

तिने टोपली हातात घेतली. मग अगदी हळू म्हणाली, “क्रोशेलबाई, जोडी खरी नाही. मी आठ जणींशी फोनवर बोलले, त्या आठ जणींची मिळून ही एक केली.”

मी म्हटलं, आमच्याकडे उलट असतं, एकट्या ग्लेनिसच्या आठ जणी होतात. ती हसली. पण टोपली तिने परत दिली नाही, त्या आठांमधल्या एकीकडे पोचवली, असं म्हणाली. कुठल्या एकीकडे ते सांगितलं नाही. बैठकीत क्लॅरीने विचारलं, या जोडीला मंडळात घ्यायचं सुचवतंय कोण आणि अनुमोदन कोणाचं? कोणाचंच नव्हतं. तेव्हा कल्पित माणसं ही पद्धत बाद झाली आणि मोजदाद, कार्डं आणि झाडाची परीक्षा या तीन हात वर करून मंजूर झाल्या. (कागद मात्र भिंतीवर राहू दिला. एवढी गोड पोरगी, काढवेना.)

मोजदादीत फार काही नाही. एकशे त्रेचाळीस पानं निघाली, त्यातली एकसष्ट त्या मेंढ्याची.

मग आला कार्डांचा दिवस. हॉलमध्ये टॅमसिनने साठ कार्डं आणली. एकेका कार्डावर साइटवरची एकेक गोष्ट. ‘प्रवेश कधी बंद होतो’, ‘स्पंज केक’, ‘लोकर’, ‘लोणची’, ‘पार्किंग आणि शौचालयं’, ‘अध्यक्षांचं मनोगत’ असं. आम्ही सगळे विभागप्रमुख जमलो होतो. ती म्हणाली, जी एकत्र असावीत असं वाटतं ती एकत्र ठेवा. यात कुठलंही उत्तर बरोबर नाही आणि कुठलंही चूक नाही.

ताई, तूच सांग. ज्या हॉलमध्ये एकशे बारा वर्षं पहिला, दुसरा, तिसरा यांशिवाय दुसरा शब्द उच्चारला गेला नाही, तिथे कोणी येऊन म्हणतं कुठलंच उत्तर चूक नाही! ज्या स्पर्धेत कोणी चुकत नाही तिचा निकाल आधीच लागलेला असतो. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघून घेतलं. एवढ्यात बाहेर मेंढ्यांचा ट्रक आला आणि टॅमसिनची गाडी त्याच्या वाटेत होती. ती गाडी हलवायला गेली, तिथेच तिला कोणाचा तरी फोन आला आणि अर्धा तास आलीच नाही.

या अर्ध्या तासात जे झालं त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. हातांना जे येतं ते हात करतात. मी आपला टेबलक्लॉथ पसरला, ग्लेनिसने कार्डं दोन बोटं अंतर सोडून रांगेत लावली. एका कार्डाचा कोपरा दुमडलेला होता, ते मांडणीच्या दोषावरून बाद झालं. मग ग्लेनिसच्या लक्षात आलं की साठही कार्डं एकाच हस्ताक्षरात आहेत. म्हणजे एकाच स्पर्धकाने एका वर्गात साठ वस्तू ठेवल्या! नियम सहा, दोनपेक्षा जास्त नाहीत. ग्लेनिस म्हणाली, अठ्ठावन्न बाद. मी म्हटलं, मग कुठल्या दोन ठेवायच्या ते ठरवणार कोण, तू? तिने ‘स्पंज केक’वर बोट ठेवलंच होतं. शेवटी क्लॅरीने या वर्षापुरती सवलत जाहीर केली आणि आम्ही रीतसर परीक्षण केलं. कपाटातून फिती काढल्या. निळी फीत ‘प्रवेश कधी बंद होतो’ला, लाल ‘पार्किंग आणि शौचालयं’ला, तिसरी ‘चहा कुठे मिळेल’ला. ‘अध्यक्षांचं मनोगत’ या कार्डावर ‘बक्षिसास पात्र नाही’ अशी चिठ्ठी लागली. क्लॅरी त्यावरून अजून माझ्याशी नीट बोलत नाही. (चिठ्ठी मी लावली नव्हती. मी फक्त टाचणी दिली.)

टॅमसिन परत आली ती दारातच थांबली. मला वाटलं आता रागावणार. तिने कॅमेरा काढला आणि फोटो घेतले. म्हणाली, पहिल्या पानावर सगळ्यात वर काय हवं हे मी नऊ वर्षं लोकांना विचारते आहे. सगळे म्हणतात सगळंच वर हवं. तुम्ही फिती लावून मोकळे झालात. आणि ही बाई खरंच, मनापासून खूश दिसत होती. त्या दिवशी मला रात्रभर झोप लागली नाही. आपण चूक करावी आणि समोरच्याने खूश व्हावं, याचा अर्थ काय होतो?

अर्थ दहा दिवसांनी कळला. आमची कार्डं फितींतच अडकली, म्हणून तिने तीच कार्डं गावातल्या आणि आजूबाजूच्या सत्तावीस जणांना वाचनालयात बसवून लावायला दिली. त्या सत्तावीस ढिगांवरून नकाशा बनणार होता. तो बनला का, हे बघायला मी ग्लेनिसकडे तिचा केकचा डबा परत करायच्या निमित्ताने गेले. (डबा दोन वर्षं माझ्याकडे होता. ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणे. मी तर भांडं उघड हातात धरून गेले होते.) जेवणाच्या टेबलावर तो मोठा कागद पसरलेला होता. सगळीकडे चौकोन आणि चौकोनांना जोडणाऱ्या रेघा. वर ‘प्रदर्शन’, त्याखाली ‘जनावरं’, ‘हस्तकला’, ‘पाककला’. आणि पाककलेच्या खाली, खुंटीला बकरी बांधावी तशी एका बारीक रेघेने बांधलेली माझी ‘जॅम आणि लोणची’.

ताई, माझ्या हातातून डबा पडला.

ग्लेनिस आतून ओरडली, “कोण आहे गं? काय फोडलंस?”

“डबा आहे तुझा. पोचला ना एकदाचा?” मी म्हटलं.

टॅमसिन धावत आली आणि मला खुर्चीत बसवलं. मी तिला सरळ विचारलं, किती केक खाल्ले म्हणजे असा नकाशा निघतो? ती बिचारी गोरीमोरी झाली. म्हणाली, क्रोशेलबाई, सत्तावीसपैकी बावीस जणांनी लोणची केकबरोबर ठेवली. त्यांच्या लेखी दोन्ही गोष्टी स्वयंपाकघरातून येतात. त्यांना हॉलमधली चार फुटांची वाट दिसत नाही. आणि साइटवर कुठे सापडतं त्यावरून किल्ली कोणाकडे असेल ते ठरत नाही.

ठरत नाही म्हणे! मी तिला लोकरीची गोष्ट सांगितली. आपल्या लहानपणी लोकर हा वेगळा विभाग होता, तुला आठवतं. मग एका वर्षी कागद वाचवायचा म्हणून प्रवेशपुस्तिकेत लोकर मेंढ्यांच्या पानावर छापली. तेव्हाही सगळे म्हणाले, नुसतं पान एक आहे. पाच वर्षांत लोकरीचं टेबल गेलं, मग परीक्षक गेला, आणि आता लोकर मेंढीच्या अंगावरच तपासतात. आज साइटवर खाली गेलं ते उद्या पुस्तिकेत खाली जाणार आणि परवा मी कपाटाची किल्ली ग्लेनिसकडे मागायला उभी असणार. सत्तावीस माणसांना हे माहीत नाही, कारण त्यांना नुसतं लोणचं ठेवायचं आहे. लोणच्याबरोबर जगायचं आहे ते मला.

टॅमसिनने हे सगळं वहीत लिहून घेतलं. मग जे म्हणाली ते मान्य करावंच लागलं. दोन झाडं, म्हणजे मथळे आणि त्यांच्या फांद्या असे दोन नकाशे, करू, म्हणाली. एका झाडावर जॅम-लोणची वेगळी फांदी, दुसऱ्यावर पाककलेच्या खाली. पंधरा जणांना बसवू. चित्र नाही, रंग नाही, नुसती मथळ्यांची यादी. प्रश्न एकच, तुमच्याकडे हिरव्या टोमॅटोच्या लोणच्याची बरणी आहे, ती कधीपर्यंत आणून द्यायची ते शोधा. ज्या झाडावर जास्त जणांना सापडेल ते झाड खरं. काल रात्रीच्या बैठकीत क्लॅरीने ठराव मांडला, ग्लेनिसने अनुमोदन दिलं, मीही हात वर केला. निकाल येईल तो सगळ्यांना बंधनकारक आहे. परीक्षा पुढच्या गुरुवारी. एका गुरुवारी पंधरा माणसं बोट कुठे ठेवतात, यावर माझी बत्तीस वर्षं लटकली आहेत.

तेव्हा ताई, तुला एवढंच कळवायचं होतं. काळजी करू नकोस, मी निकाल आनंदाने स्वीकारणार आहे. बाई प्रामाणिक दिसते. जे लोकांना सोयीचं असेल ते व्हावं, माझं काय, पिकलं पान. गुडघ्यांना लोकरी पट्टा बांध, गोळ्या स्वतः घे.

तुझीच धाकटी,
हिल्डा

ताजा कलम. परीक्षेला बसणारी माणसं गावाबाहेरची चालतात, घरबसल्या संगणकावरून. तेव्हा टॅमसिनला मी तुझं नाव दिलं आहे. (सहा चुलत बहिणींचीही दिली आहेत.) तुझ्या शेजारणीला संगणक लावायला सांग. तुला जे झाड येईल त्यात ‘जॅम आणि लोणची’ वेगळं दिसलं तर पहिल्या फटक्यात त्यावर बोट ठेव. पाककलेच्या खाली असेल तर आधी ‘हस्तकला’त जा, मग ‘जनावरं’त, मेंढ्यांमध्ये जरा रेंगाळ, आणि शेवटी ‘सापडलं नाही’ असं दाब. यात फसवणूक काही नाही. ग्लेनिसने मिल्ड्युराच्या नणंदेला पत्र टाकलंच असणार, त्याची ही नुसती भरपाई आहे.

दुसरा ताजा कलम. पाकीट चिकटवायच्या आत ग्लेनिस स्वतः येऊन गेली. ताई, ती रडवेली झाली होती. म्हणाली, “हिल्डा, एकोणीस प्रकारचे केक मला आवरत नाहीत, त्यात तुझ्या बरण्या माझ्या गळ्यात बांधू नकोस. तो नकाशा तूच टॅमसिनला सुचवलास ना?” मी! तिने खरंच मिल्ड्युराला पत्र टाकलं आहे, पण ‘जॅम-लोणची वेगळी असेल तिथेच दाब’ असं लिहिलं आहे. म्हणजे तिलाही तेच हवं आहे जे मला हवं आहे. मी तिला चहा दिला, डोळे पुसायला रुमाल दिला. पण ती गेल्यापासून दोन गोष्टी मनात घोळताहेत. माझ्या लोणच्यांत असं काय वाईट आहे की ती फुकटसुद्धा नको झाली? आणि एकतीस वर्षांत जी माझ्याशी लेमन बटरवर एकमत झाली नाही, ती आजच कशी झाली? जे ग्लेनिसला हवं ते माझ्या भल्याचं कसं असेल? तू तूर्त कशावरच बोट ठेवू नकोस. मी फोन करेन.

तिसरा ताजा कलम, बुधवार सकाळ. टॅमसिनने आमच्या दोघींच्या याद्या शेजारी ठेवल्या. पंधराच्या पंधरा नावं कोणाच्या तरी बहिणीची किंवा नणंदेची निघाली. तिने सगळी बाद केली. आता नदीकाठच्या कॅरव्हॅन पार्कमध्ये उतरलेल्या पंधरा परक्या प्रवाशांना ती पुढच्या गुरुवारी बसवणार आहे, ज्यांचं टॅलारूपमध्ये कोणी नाही. तेव्हा तू काहीच दाबायचं नाही. तू फक्त एक कर. मी तुला दोन डझन लहान बरण्या दिल्या होत्या, त्या सोमवारच्या बसने पाठव, कापडात नीट गुंडाळून. हिरव्या टोमॅटोचं लोणचं चढवलंच आहे. परक्या माणसांना थंडीच्या दिवसांत शेजारधर्म म्हणून एकेक बरणी द्यावी, एवढंच मनात आहे. तुझं अक्षर चांगलं आहे, तर पंधरा चिठ्ठ्याही लिहून पाठव. चिठ्ठीवर लोणच्याचं नाव बारीक आणि ‘जॅम-लोणची विभाग (स्वतंत्र)’ ठळक. परीक्षेविषयी एक अक्षर नको, मी नियम पाळणारी बाई आहे.

आत्ताच दुकानात गेले होते, साखर आणायला. अंडी संपली म्हणाले. ग्लेनिस सकाळी येऊन होती नव्हती तेवढी घेऊन गेली, पाच डझन. ताई, जिला माझा विभाग नकोच आहे, ती एवढे केक कोणासाठी करते आहे? बरण्या सोमवारच्या नको, शनिवारच्याच बसने पाठव.